आडावरची धाकटी

पुण्यात भुताची जागा कोणती असं कुणालाही विचारा, पहिलं नाव शनिवारवाड्याचं येतं. मग सिंहगडाचा घाट, कात्रजचा जुना बोगदा, होळकर पूल, खडकीची युद्धदफनभूमी आणि अलीकडे बाणेर-हिंजवडीकडच्या एखाद्या टॉवरची लिफ्ट. मोबाइलवर फिरणाऱ्या सगळ्या याद्यांत हीच नावं असतात आणि त्यांत दिसणारं भूतही एकच असतं. पांढरी साडी, मोकळे केस, रात्री बाराची वेळ, रस्त्याकडेला उभी राहून गाडी थांबवणारी बाई. ती कोण होती, कशाने गेली, तिथेच का राहिली, हे कुणी सांगत नाही. या याद्या वाचून मला वाईट वाटतं. पेठांमधलं भूत असं बिनपत्त्याचं कधीच नव्हतं. ते अमक्या वाड्यातलं, तमक्या जिन्यावरचं असायचं. त्याची वेळ ठरलेली असायची, आणि त्याच्यावर काय अन्याय झाला होता ते वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

मी वाडे मोजते. वाडा पाडायचा ठरला की त्याआधी त्याचा आहे तसा नकाशा काढावा लागतो. खण किती, भिंती किती जाड, कोणत्या भाडेकरूकडे किती चौरस फूट. टेप, ओळंबा, लेझर मीटर आणि वही घेऊन मी लोकांच्या माजघरात, माळ्यावर, मोरीत शिरते. एकाच वाड्यात सलग काही दिवस काढले की चहा येतो आणि चहाबरोबर गोष्टी येतात. पागडी किती, बिल्डर काय देतोय, तोवर भाडं कोण भरणार, हे सगळं बोलून झालं की बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली जातो. "तुम्ही मागच्या जिन्याने वर गेलात का हो?" इथून सुरुवात होते. वहीत पुढच्या पानांवर मापं आणि मागच्या पानांवर या गोष्टी, अशी माझी पद्धत आहे.

भुतांवर तुझा विश्वास आहे का, हे मला नेहमी विचारलं जातं. मला स्वतःला आजवर काही दिसलेलं नाही. पण ज्यांनी मला सांगितलं ती माणसं खोटं बोलत नव्हती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि त्यांनी सांगितलेलं जपायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी शनिवारवाड्याचं बोलते, कारण तिथली गोष्ट सगळ्यांना माहीत असूनही अर्धीच सांगितली जाते. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणेशोत्सव चालू होता, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. थकलेला पगार मागायच्या निमित्ताने गारदी, म्हणजे पेशव्यांच्या नोकरीतले भाडोत्री सैनिक, वाड्यात घुसले, सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. नारायणराव पेशवे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. ते धावत रघुनाथरावांकडे गेले, "काका, मला वाचवा" म्हणत त्यांना बिलगले, आणि तिथेच गारद्यांनी त्यांना तोडलं. हे घडलं ते भर दुपारी. पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून त्यांची हाक ऐकू येते म्हणतात, ती रात्रीची किंकाळी गोष्टीत नंतर आली. पण पौर्णिमेचा धागा अगदीच पोकळ नाही. त्रयोदशी होती, म्हणजे त्या रात्री पुण्यावर जवळजवळ पूर्ण चंद्र असणार. त्यांचं शव ज्या दरवाजातून बाहेर नेलं असं सांगतात, त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात.

मोजणीच्या कामातल्या माणसाला तिथे आणखी एक गोष्ट जाणवते. नारायणराव ज्या दालनांमधून धावले ती दालनंच आता नाहीत. वाड्याचा पाया १७३० मध्ये घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली ती आठवडाभर धुमसत राहिली. सगळं सागवानी लाकूडकाम गेलं. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, वरचा नगारखाना आणि आतली दगडी जोती. आज आपण आत जाऊन हिरवळीवर उभे राहतो, तेव्हा जिथे ते घडलं तो मजला आपल्या डोक्यावर हवेत कुठेतरी असतो. आणि तरी लोकांना हाक ऐकू येते, तीही अडीचशे वर्षांनी. शिवाजी रस्त्यावरचे हॉर्न ओलांडून येते.

का येत असावी? माझं उत्तर रामशास्त्री प्रभुण्यांपाशी जाऊन थांबतं. न्यायाधीश म्हणून त्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवलं, त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पुढे काही गारद्यांना मरणाची शिक्षा झालीही. रघुनाथरावांना मात्र ती शिक्षा कधी झाली नाही. रामशास्त्री पुणं सोडून गेले. निकाल लागला, पण अंमल झाला नाही.

आता याच वाड्यासमोरची दुसरी गोष्ट पाहा. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, भर दिवसा, लोकांसमोर. याहून भयंकर मरण कोणतं? तरी विठोजींचं भूत तिथे फिरतं असं मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्यांचा भाऊ यशवंतराव पुढच्याच वर्षी पुण्यावर चालून आला, हडपसरला त्याने पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीरावाला पळून जावं लागलं. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत तेलंगणातून आलेले ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हाही लोक खवळले आणि घाशीरामालाच त्यांनी दगडांनी ठेचला. त्या कोठडीचंही भूत नाही. ज्याचा हिशोब कुणीतरी पुरा केला तो थांबत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत आलं आहे.

या हिशोबात न बसणारी माणसंही आहेत आणि त्यांना टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. नारायणरावांचाच मुलगा सवाई माधवराव १७९५ मध्ये याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि गेला, एकवीस वर्षांचा. त्याची हाक कुणाला ऐकू येत नाही. नारायणरावांना वाचवायला त्यांच्या अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर तिथेच मारला गेला. वाड्यातल्या दासीही त्या दिवशी मारल्या गेल्या. त्यांचा हिशोब तर कुणी मांडलाच नाही. मग त्या का दिसत नाहीत? मला वाटतं, हिशोब अपुरा राहणं एवढ्यानेच भागत नाही. त्याची आठवण ठेवून गोष्ट सांगत राहणारं कुणीतरी घरात लागतं. दासींसाठी कोण सांगणार होतं?

वाड्यांमधले आवाज हा वेगळाच विषय आहे. सागवानी तुळया आणि कडीपाट दिवसभर तापतात आणि रात्री आकसतात, तेव्हा जिना एकेक पायरीने वाजतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला. दगडी बांधकामाचा, वाटेवर हौद आणि हवा खेळायला उच्छ्वास. जुनी माणसं सांगतात की हौदाला कान लावला की रात्री आतून कण्हणं ऐकू यायचं. पाणी आणि हवा एका अरुंद जागेतून जाताना काय काय आवाज करतात, ते ज्याने ऐकलं आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. वेताळ टेकडीवर पहाटे मोर ओरडतो, तेव्हा नव्याने राहायला आलेली माणसं दचकून उठतात. (वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि पुण्याने त्याला नुसती टेकडी दिलेली नाही. आजच्या गुरुवार पेठेचं मूळ नाव वेताळ पेठ.)

पण आवाजाचं कारण सापडलं म्हणजे गोष्ट संपली, असं मात्र होत नाही. रविवार पेठेतल्या एका वाड्यात वरचा माळा वर्षानुवर्षं उघडलेला नव्हता. घरातले एक म्हातारे आजोबा शेवटच्या दिवसांत तिथे राहायचे, दम्याचे. खाली सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच अंथरूण वर नेलं, असं घरचे सांगत. शेजारी सांगत, की वर ठेवलं. आजोबा गेले, आणि माळ्यावर धाप लागल्याचा आवाज रात्री येतच राहिला. मी शिडी लावून झडप उचलली, टॉर्च मारला, तर कोपऱ्यात पांढरे, बदामाच्या आकाराचे दोन चेहरे माझ्याकडे वळले. गव्हाणी घुबडाची पिल्लं. चोच उघडून 'हिस्स... हिस्स' असा दीर्घ श्वास टाकत होती, अगदी दमेकऱ्याचा. मी खाली उतरून घरच्या काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घुबडं आहेत हे आम्हालाही ठाऊक आहे हो ताई. पण एवढ्या पेठेत त्यांना आमचाच माळा सापडला." त्यांचा चेहरा उतरला होता. आजोबांना माळ्यावर ठेवल्याची टोचणी त्या घरात अजून होती आणि कोणत्याही पक्ष्याने ती जाणार नव्हती. पिल्लं उडून जाईपर्यंत मी तो माळा मोजला नाही, उंची बाहेरून काढली.

मुंजाचं तर सांगायलाच नको. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १८९७ च्या प्लेगने पुण्यातली किती मुलं नेली असतील! कसब्यात एका पडक्या भिंतीतून उगवलेला पिंपळ तोडायला मजूर तयार होईनात. मुकादमाने नारळ फोडला, स्वतः हात जोडले, आणि मग म्हणाला, "पोरगं आहे, रागावणार नाही, पण विचारायला पाहिजे." हे वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

आता जी गोष्ट सांगायला बसले ती.

नारायण पेठेत नदीच्या अंगाला एक दुमजली वाडा आहे. दिंडी दरवाजा इतका बुटका की वाकूनच आत जायचं. दोन चौक, आणि मागच्या चौकात आड. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मागचा आड बुजवायचाच आहे, तो धरू नका." पण आहे ते सगळं नकाशात यायला हवं, म्हणून दुपारी दीड-दोनच्या सुमारास मी टेप घेऊन मागे गेले. तळमजल्यावर मागच्या खोलीत राहणाऱ्या आजी दारात आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, सुती पातळ, हातात ताकाचं फुलपात्र.

"अगं, आत्ता नको मोजू. चार वाजू देत."

"का हो आजी?"

"आत्ता ती बसते तिथे."

नळावर आत्ता वरच्या वहिनी धुणं धुताहेत, असं सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाल्या. मला आत बसवलं, ताक दिलं, आणि सांगायला लागल्या.

"मी या घरात आले ती पानशेतच्या आधी तीन वर्षं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, पाणी कुठून भरायचं, संडास कुठे, आणि दुपारची जेवणं झाल्यावर आडावर जायचं नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, धाकटी बसते."

"कोण धाकटी?"

"मालकांच्या घरातली गं. आत्ताच्या मालकांच्या आजोबांची भावजय असेल, नाहीतर चुलती. धाकटी सून, म्हणून सगळ्या धाकटीच म्हणायच्या. नाव मला नाही माहीत. माझ्या सासूबाईंनाही नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडंसंच आहे. त्या मुलीला घरात मार होता. काहीतरी सांडलं की फुटलं म्हणून त्या दिवशी तिला उपाशी ठेवलं होतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर खरकटी भांडी घेऊन ती आडावर आली. भांडी घासली, लख्ख करून ओळीने पालथी घातली आणि आडात उडी घेतली.

"भांडी घासून गेली गं," आजी दोनदा म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलंय तिला?"

"एकदा. माझा थोरला पोटात होता तेव्हा. काठावर बसली होती, पाठमोरी. अंबाडा सुटून मानेवर आलेला. ती कुणाकडे बघत नाही. तोंड कुणीच पाहिलेलं नाही. जरा वेळ बसते आणि जाते. कुणाला काही करत नाही."

मी विचारलं, भीती नाही वाटली? त्यावर आजींनी जे उत्तर दिलं त्याने माझा भुतांकडे बघण्याचा सगळा रोखच बदलला. त्या म्हणाल्या, "भीती कसली? तिच्यामुळे या वाड्यात पुढे कुणा सुनेला दुपारच्या वेळी एकटीला आडावर पाठवलं नाही. जेवण झाल्यावर तासभर आम्हाला पडायला मिळायचं. बाकीच्या वाड्यांतल्या बायकांना कुठे मिळायचं? एवढं केलं तिने आमच्यासाठी."

मग १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. या वाड्याचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. आजी कडेवरच्या मुलाला घेऊन पर्वतीकडे नातेवाइकांकडे गेल्या. पाणी ओसरल्यावर परत आल्या तेव्हा चौकात गुडघाभर चिखल आणि आड काठापर्यंत गाळाने भरलेला. बऱ्याच दिवसांनी माणसं लावून गाळ उपसला. त्यात एक पितळी वाटी निघाली आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. कुणाच्याही असू शकतात, आडात काय काय पडतं. पण वाड्यातल्या बायकांनी ते तिचेच मानले. आजींच्या सासूबाईंनी ते तुकडे धुतले, हळदीकुंकू लावलं आणि आडाच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून दिले.

तेव्हापासून पितृपक्षात अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या तिथीला, वाड्यातल्या भाडेकरणी आडापाशी तिची ओटी भरतात. खण, नारळ, बांगड्या आणि पानावर दहीभात. कोणत्या घरची कोण याचा विचार न करता सगळ्या मिळून. मालकांच्या घरातलं त्याला कुणी कधी आलं नाही. "आत्ताच्या मालकांची आई मात्र एकदा आली होती," आजी म्हणाल्या. "रात्री, एकटी. मी दाराच्या फटीतून पाहिलं. ओटी भरली आणि कितीतरी वेळ रडली. सकाळी मला भेटल्यावर नजर दिली नाही. मीही काही बोलले नाही."

चार वाजल्यावर मी आड मोजला. काठाच्या दगडावर दोरांनी पडलेल्या खाचा आहेत, एकेकीत माझं बोट अर्धं बुडतं. किती पिढ्यांच्या बायकांनी किती पाणी ओढलं असेल तेव्हा काळ्या दगडाला असं घळ पडलं असेल! काठाखाली हातभर अंतरावर पूर्वेच्या बाजूला देवळी आहे. आत पालथं पडून हात घातला तर कुंकवाचा घट्ट थर लागतो आणि त्यात रुतलेली काच. टॉर्चच्या उजेडात ती हिरवी दिसली, कडा पूर्ण बोथट झालेल्या. ओळंबा सोडला तर पाणी बरंच वर होतं, स्वच्छ होतं.

मालकांशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी, त्यांच्या दिवाणखान्यात. भिंतीवर घराण्याची वंशावळ आहे, झाडाच्या आकारात, सुंदर अक्षरात. सगळी पुरुषांची नावं. वाडा कधीचा आहे हे दाखवायला त्यांनी कुलवृत्तांत काढला आणि मला हवं ते सालही त्यात सापडलं. पानं उलटताना एका नावापाशी मी थांबले. दुसऱ्या बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव, मुलं, सगळं दिलेलं. त्याआधी एवढंच: "प्रथम पत्नी अल्पवयात वारली." मी धाकटीबद्दल विचारलं. मालक म्हणाले, त्या सगळ्या भाडेकरूंनी जागा सोडायला नको म्हणून उठवलेल्या कंड्या आहेत. खरं तर बिल्डरच्या करारावर सगळ्यांत आधी सही आजींनीच केली होती. त्यांचे गुडघे गेले आहेत आणि त्यांना कमोड हवा आहे.

तो कुलवृत्तांत हातात धरून मला जे वाटलं ते मी अजून विसरू शकत नाही. ती मुलगी जगली होती याचा एकमेव दाखला म्हणजे तिचं भूत. घराण्याने तिचं नाव लिहिलं नाही, पोलिसांत काही गेलं नसणार, फोटो असण्याचा प्रश्नच नाही. परक्या घरांतल्या बायकांनी, भाड्याने राहणाऱ्यांनी, सासूने सुनेला सांगत तिला एवढी वर्षं काठावर बसवून ठेवलं. ती कधी बसते, कुठे बसते, का बसते, एवढं तरी राहिलं. आणि कुणीतरी आता त्याच जागेबद्दल 'पुण्यातली झपाटलेली विहीर' असं लिहून तिला पांढरी साडी नेसवेल आणि रात्री बाराला किंचाळायला लावेल, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणूनच वाड्याचा पत्ता मी इथे देत नाही.

मधल्या काळात बिल्डरच्या माणसाने एक मांत्रिक आणला. खोदकामात अडथळा नको म्हणून 'बाईला बांधून टाकतो' म्हणाला, आणि त्याची मोठी रक्कम मागितली. आजी काठी टेकत चौकात आल्या. "तिला बांधणार? जन्मभर बांधूनच ठेवली होती की! चालता हो." एवढ्या मोठ्याने त्या बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकलं. तो गेला.

त्या वाड्यापासून ओंकारेश्वर चालत पाच-सात मिनिटांवर आहे. देवळाशेजारीच महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी याच पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. काम संपवून मी अनेकदा त्या पुलावरून घरी जाते. जुन्या पुण्यात माझ्या हयातीत सांडलेलं इतकं ठळक रक्त दुसरं नाही, आणि तरी तिथे काही दिसतं असं कुणी म्हणत नाही. लोक त्या तारखेला सकाळी पुलावर जमतात, त्यांचं नाव घेतात, प्रश्न विचारतात. २०२४ मध्ये न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले, आणि सूत्रधार कोण हे लोक अजून विचारताहेत. नाव घेऊन, दिवसाउजेडी, तोंडावर विचारताहेत. धाकटीच्या वेळी असं विचारायची सोय असती तर आजींच्या सासूबाईंनी तेच केलं असतं असं मला वाटतं. दाभोलकरांनी जन्मभर लोकांच्या मनातली भुताची भीती घालवण्याचं काम केलं, आणि त्या चौकात भीती नव्हतीच. मांत्रिकाला हाकलायला आजींना कुणी शिकवावं लागलं नाही.

वाडा दिवाळीनंतर उतरवायला घेणार आहेत. आजी मुलाकडे धायरीला गेल्या. बाकीचे कुणी वारज्याला, कुणी वाघोलीला. नव्या इमारतीच्या नकाशात आडाच्या जागी पार्किंग होतं. मी आर्किटेक्टला माझी मापं दाखवली. पाण्याची पातळी चांगली आहे, गच्चीवरचं पावसाचं पाणी जिरवायला हाच आड वापरता येईल, काठावर मजबूत जाळी टाकली की धोकाही नाही. दोन मोटारी कमी बसतील. त्याने मान्य केलं आहे, मालक अजून बघू म्हणताहेत. मी पाठपुरावा सोडलेला नाही. माझ्या नकाशात आडाच्या वर्तुळाशेजारी व्यास आणि खोलीच्या खाली 'धाकटीचा आड' असं लिहिलं आहे. नकाशात प्रचलित नाव लिहायची पद्धत आहेच.

तुमच्या वाड्यात, चाळीत, बोळात असं कुणी असेल तर वाडा उतरायच्या आत लिहून घ्या. घाबरवणारा भाग नंतर लिहा. आधी हे विचारा: नेमकी कोणती जागा, कोणती वेळ, सांगणारी व्यक्ती कोण, तिला कुणी सांगितलं, आणि गेलेल्या माणसाचं काय झालं होतं. नाव कुणाला आठवतं का हे तर विचाराच. म्हाताऱ्या बायकांना आधी गाठा, पुरुष बहुतेक वेळा 'तसं काही नाही' म्हणून विषय संपवतात. वाड्याची मापं हवी असतील तर मी येऊन मोजून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

यंदाच्या अविधवा नवमीला आजी धायरीहून येणार आहेत, मी रिक्षा घेऊन जाते आहे. ओटी दुपारी बाराच्या आत भरायची, कारण जेवणानंतरची वेळ तिची. त्या वाड्यात पूर्वी राहिलेलं कुणी हे वाचत असेल तर जरूर या. खण-नारळ मी आणते आहे, दहीभात कुणीतरी करून आणा.